टिळ्याची जागा

खालापूरकडून शिळफाट्याकडे येताना हायवेच्या आत, दोन गोदामांच्या मागे, एक निळ्या पत्र्याची शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. सैन्यासाठी माल बनवणाऱ्यांनी पाटी लावून मिरवू नये असं मालक अनुपमचं म्हणणं. पाटी राहूनच गेली असं तिथल्या कारागिराचं, गजाचं, म्हणणं. शेडमध्ये ड्रोन बनतात. आसपासची माणसं मात्र तिला 'पंख्याचा कारखाना' म्हणतात, आणि उन्हाळा लागला की कुणी ना कुणी बंद पडलेला टेबलफॅन घेऊन दारात उभं राहतं. गजा तोही दुरुस्त करून देतो, वर चहा पाजतो.

श्रिया या शेडमध्ये चाचण्या घ्यायची. म्हणजे दुसऱ्यांनी जीव लावून बनवलेली वस्तू उडवायची, पाडायची, आणि का पडली ते त्यांच्याच तोंडावर सांगायचं. कर्जतला घरी कुणी विचारलं तर तिची आई सरळ सांगायची, "आमची श्रिया मोडतोड खात्यात आहे." पोरगी कामात कडक आणि माणसांच्या बाबतीत लोण्याची, त्यामुळे तिची रोज पंचाईत. ड्रोनचा दोष ती क्षणात सांगायची, पण तो ज्याच्या हातून झाला त्याच्याकडे बघताना तिची मान खाली जायची.

त्या वर्षी शेडवर टांगती तलवार होती. अनुपमने चांगली नोकरी सोडून हा उद्योग मांडला होता, शेतांवर फवारणीचे ड्रोन विकून तो कसाबसा चालवला होता, आणि आता सैन्याला उंचावरच्या चौक्यांसाठी टेहळणीचे छोटे ड्रोन हवे होते. ही ऑर्डर मिळाली नाही तर दिवाळीनंतर शेड बंद, असं त्याने सगळ्यांना एकत्र बसवून सांगून टाकलं होतं. माणूस चिडका होता, पण लपवाछपवी करणारा नव्हता. निदान तोवर तरी.

खरेदी समितीच्या प्रमुख म्हणून कर्नल सोनाली दळवी नवरात्राच्या आधी शेड बघायला आल्या. अनुपमचे वडील दत्तोपंत, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी घरून ठेवणीतल्या कपबशा आणल्या. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर पुसून लख्ख केलेला एक ड्रोन; मुलगी बघायला येणार असल्यासारखा सगळा थाट. बाईंनी चहा घेतला, चहाचं कौतुक केलं, आणि चादरीवरच्या ड्रोनकडे ढुंकूनही न पाहता विचारलं, "पडलेले कुठे ठेवता?"

"पडलेले?" अनुपमने विचारलं.

"मोडलेले. ज्याचे पडत नाहीत त्याने उडवलेच नसतात."

मोडलेले मागच्या बाजूला ताडपत्रीखाली होते. आदल्या दिवशीच तिथे नेऊन झाकले होते. बाई त्यांच्यात उकिडव्या बसल्या आणि एकेक हातात घेऊन श्रियाला विचारत गेल्या. हा कसा पडला? वारा कुठून होता? पडण्याआधी त्याने काही सांगितलं का, की गुपचूप पडला? श्रियाला आपण स्वप्नात आहोत की काय असं वाटलं. हे प्रश्न ती स्वतः रात्रंदिवस स्वतःला विचारायची. दुसऱ्या कुणी तिला ते कधी विचारले नव्हते. त्या तासाभरात ती या बाईवर फिदा झाली.

जाताना कर्नलबाईंनी आपली पद्धत सांगितली. "फार महागाचा ड्रोन घेतला की जवान तो पेटीतून काढायलाच भितो. मला असा पाहिजे की हरवला तर हळहळ वाटावी, रडू येऊ नये. आणि एकदम ढीगभर घेणार नाही. थोडे घेऊ, एक हिवाळा वर वापरू, पडतील ते तुमच्याकडे परत येतील, तुम्ही सुधाराल, मग पुढचे. म्हणजे चुकलो तर थोडक्यात चुकू."

गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "आणखी एक. ट्रायलच्या दिवशी उडवण्याआधी मी दोष विचारेन. तुम्ही सांगितलात, तर तो दोष आपल्या दोघांचा. काढायचा खर्च निम्मा आमचा. तुम्ही गप्प राहिलात आणि आम्हाला सापडला, तर तो तुमचा एकट्याचा, आणि खरेदी तिथेच संपली."

गाडी वळताच अनुपम उसळला. "गोड बोलून काढून घ्यायची युक्ती आहे ही! याच ऑर्डरच्या मागे असलेली ती दुसरी कंपनी एकही दोष सांगणार नाही. आणि आपण बावळटासारखे आपलेच कपडे उतरवायचे?"

श्रियाला मात्र त्यातलं शहाणपण आतपर्यंत पटलं होतं. विकणारा दोष लपवतो, कारण सांगणं महाग पडतं. या बाईने सांगणं स्वस्त करून टाकलं होतं आणि लपवणं महाग. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला का सुचली नसेल, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा झाली. ही अप्पांची हौस. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर सगळं धुऊनपुसून मांडलं, सोल्डरिंगच्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, आणि ट्रायलसाठी तयार केलेले सगळे ड्रोन पाटांवर रांगेत बसवले. अप्पांनी हळदीकुंकू पाण्यात चांगलं दाट कालवलं आणि एकेकाच्या कपाळी टिळा लावत निघाले. ड्रोनला कपाळ नसतं हे कबूल. पण हे ड्रोन समोर ठेवले की पुढच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या वर, एक गुळगुळीत उंचवटा दिसायचा, आणि कुणाचंही बोट आपोआप तिथेच जायचं. निम्म्या रांगेत अप्पांची कंबर दुखायला लागली, तेव्हा उरलेल्यांना श्रियाने टिळे लावले. अक्षता टाकताना तिने मनातल्या मनात सगळ्यांना 'पडू नका रे' असंही सांगितलं.

दसऱ्यानंतर ती आणि गजा ते ड्रोन घेऊन गजाच्या गावी गेले. कर्जतच्या अलीकडे त्याची वरकस जमीन आहे, भात न पिकणारी, नुसती गवताची. ट्रायलही तिथेच व्हायची होती. पहिला ड्रोन छान वर गेला, फेरी मारून आला, आणि उतरताना वेग कमी न करताच धाडकन जमिनीवर आपटला. दुसरा व्यवस्थित उतरला. तिसरा पुन्हा आपटला.

गजा तुकडे गोळा करत म्हणाला, "ताई, याला जमीन दिसत नाय का गं? अजून वर हाय समजून खाली आला बग."

तो बोलला ते तंतोतंत खरं होतं. आपण किती उंचावर आहोत हे या ड्रोनला हवेच्या दाबावरून कळायचं, आणि ती हवा आत घ्यायला अंगावर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं. श्रियाने भिंग लावून पाहिलं. भोक होतं त्या पुढच्या उंचवट्यावर, कपाळाच्या बरोबर मध्यभागी. तिने सुई घातली आणि हळूच फिरवली. सुईच्या टोकाला वाळलेलं लाल कुंकू आलं. त्यातून हवा जेमतेम झिरपत होती, म्हणून ड्रोन खाली आला तरी आतला दाब वरचाच राहिला होता.

ती गवतात मटकन बसली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण तो टिळा कुणाच्या बोटाचा होता हे तिला सांगता येत नव्हतं. कदाचित अप्पांच्या, कदाचित तिच्या.

शेडमध्ये परत आल्यावर अनुपमने डोक्याला हात लावला. "ठीक आहे. सगळे साफ करून घेऊ. सुईने भोकं मोकळी करू, तपासू, विषय संपला."

"आणि ट्रायलला सांगायचं काय?"

"काहीच नाही! दोष आहे कुठे आता? श्रिया, सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहून सांगणार, की आमचा ड्रोन कुंकवाने पडला? उद्या त्या दुसऱ्या कंपनीत हा विनोद होईल. माझ्या बापाला हसतील लोक."

अप्पा दारातच उभे होते. जन्मभर पोरांना हवेचा दाब शिकवला आणि शेवटी आपल्याच बोटाने त्याचं भोक बुजवलं, हे त्यांना फार लागलं होतं. ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचा तो चेहरा पाहून श्रियाने तेव्हा विषय सोडला. म्हटलं ना, माणसांच्या बाबतीत पोरगी लोण्याची.

पण दोन दिवस ड्रोन साफ करताना एक गोष्ट तिला टोचत राहिली. शस्त्रपूजा सैन्यातही होते. दसऱ्याला प्रत्येक चौकीत बंदुका मांडतात, टिळे लावतात, नारळ फोडतात. पुढच्या दसऱ्याला वर बर्फात कुणीतरी जवान हेच ड्रोन पाटावर मांडेल आणि त्याचंही बोट कपाळावरच जाईल. तिथे गवत नसेल, खाली दरी असेल, आणि ड्रोन काय दाखवतो यावर पुढे जाणाऱ्या माणसांचा जीव असेल. कुंकू नसलं तर चिखल असेल, बर्फ असेल. सुईने भोक मोकळं झालं होतं. दोष जिथल्या तिथे होता.

ट्रायलच्या आदल्या दिवशी तिने अनुपमला हे सांगितलं. "तू म्हणतेस ते मला कळत नाही असं नाही," तो म्हणाला. "पण या शेडमधली सगळी माणसं माझ्या डोळ्यांसमोर येतात गं. माझ्या तोंडून नाही निघणार ते."

"माझ्या निघालं तर?"

उत्तर खुर्चीतून आलं. अप्पा म्हणाले, "सांग बाळ. आणि पूजा मी केली हेही सांग. माझं नाव घेऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी गजाच्या वरकसावर सैन्याच्या दोन गाड्या आल्या. कर्नलबाईंबरोबर एक तरुण कॅप्टन होता आणि ड्रोन उडवायला हवालदार मालोजी होता, साताऱ्याकडचा, रुंद खांद्यांचा, अबोल. त्याने पेटीतला ड्रोन हातात घेतला तो तान्हं मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी. गावातली पाचपंचवीस माणसं बांधावर जमली होती. अप्पा हट्टाने आले होते आणि गजाच्या आईने, गौराबाईने, दिलेल्या खाटेवर बसले होते.

"उडवायच्या आधी," कर्नलबाई म्हणाल्या, "काही सांगायचंय?"

अनुपम आपल्या बुटांकडे बघत राहिला. श्रिया पुढे झाली आणि बोलायला लागली. खंडेनवमी, टिळे, कपाळावरचं भोक, दोन आपटलेले ड्रोन, सगळं. अप्पांचं नाव तिने घेतलं, आणि निम्मे टिळे आपण लावले हेही सांगितलं. "आम्ही ते साफ केलेत," ती म्हणाली, "त्यामुळे आज ते पडणार नाहीत. पण भोक चुकीच्या जागी आहे. तुमच्याकडेही दसरा होतो."

कॅप्टनला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं. कर्नलबाई हसल्या नाहीत. त्या बांधाकडे वळल्या आणि गौराबाईला म्हणाल्या, "आई, घरात हळदकुंकू आहे ना?"

"असंल की! हळदकुंकवाबिगर घर ऱ्हातंय व्हय?" गौराबाई लगबगीने जाऊन करंडा घेऊन आली.

"आम्ही सगळे ड्रोन साफ केलेत मॅडम," अनुपम काकुळतीने म्हणाला. "चांगले उडतात."

"चांगले उडतात ते नंतर बघेन. आधी मला पडताना बघायचंय."

त्यांनी पेट्यांमधून स्वतः एक ड्रोन निवडला, कुंकू कालवलं आणि मालोजीपुढे धरलं. "लावा. जिथे लावाल तिथे लावा." मालोजी क्षणभर थबकला. मग त्याने बोट बुडवलं आणि, कुणी काही न सांगता, टिळा थेट कपाळाच्या मध्यावर लावला. वाळेपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. अनुपमचं तोंड फाशी जाणाऱ्यासारखं झालं होतं, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःच्या हाताने घडवलेली वस्तू ठरवून पाडताना बघणं सोपं नसतं.

ड्रोन वर गेला, माळाला वळसा घालून परत आला, आणि उतरताना तसाच, वेग न आवरता, दाणकन जमिनीवर आपटला. एक पंखा उडून अप्पांच्या खाटेजवळ येऊन पडला.

पहिला बोलला तो मालोजी. रिमोट त्याच्या हातात तसाच होता. "असंच," तो म्हणाला. "मॅडम, बरोबर असंच पडलं हुतं. म्या काय बी क्येलं नव्हतं."

कर्नलबाई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालोजीच्या हातून एक ड्रोन पडला होता. दुसऱ्या कुणा कंपनीचा, याच्या कितीतरी पट महागाचा. तो दरीत गेला, सापडला नाही. कंपनीने लिहून दिलं की ड्रोनमध्ये काही दोष नव्हता. मग दोष उरला माणसाचा. निष्काळजीपणाचा शेरा बसला आणि मालोजीची बढती अडली. "चौकशीत मी नव्हते," त्या म्हणाल्या, "कागद नंतर वाचले. वाचून पटलं नाही. म्हणून प्रत्येक ट्रायलला यांनाच उडवायला आणते. कधीतरी कुणीतरी खरं बोलेल असं वाटत होतं."

मग त्या श्रियाकडे वळल्या. "आता सांगितलंत ते माझ्या वरिष्ठांसमोर सांगाल? मालोजींवरचा शेरा काढायला मला तुम्ही लागाल."

श्रियाने होकारार्थी मान हलवली. आपण आज गप्प बसलो असतो तर ड्रोन छान उडाले असते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि हा माणूस आपला डाग तसाच घेऊन गाडीत बसून निघून गेला असता, हे तिला आत्ता कळत होतं.

बाकीचे ड्रोन मालोजीने दुपारपर्यंत उडवले. एकाचा पंखा काढून दुसऱ्याला लावला, बॅटऱ्या बदलल्या, जोराच्या वाऱ्यात उतरवले. एकही पडला नाही. कर्नलबाईंनी निर्णय तिथेच, गवतात उभं राहून सांगितला. "थोडे घेऊ. एक हिवाळा बघू. पण आधी भोक हलवा. ठरल्याप्रमाणे खर्च निम्मा आमचा. माझ्या माणसांना पूजा करू नका असं मी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी ती ऐकणार नाहीत. म्हणून माणसं आहेत तशी राहू द्या. भोक खाली न्या, पोटाकडे, जाळीच्या आत."

"आन् कपाळावर गोल रंगवू ना म्हंजे!" गजा मधेच बोलला. "हितं टिळा लावा म्हनून. आमी येक डबा रंग आनतो."

आता कर्नलबाई मनापासून हसल्या, आणि तो कॅप्टनही. अनुपमने श्रियाच्या खांद्यावर हात ठेवला; माफी मागणं त्याला कधी जमलं नव्हतं, पण त्या हाताचं वजन तिला पुरेसं होतं.

गाड्या निघायच्या वेळी अप्पा खाटेवरून उठले आणि काठी टेकत मालोजीकडे गेले. त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. "हवालदार, माझ्यासारख्याच कुणातरी हौशी माणसाने तुमच्या ड्रोनला टिळा लावला असेल. त्याला काय माहीत, त्याची शिक्षा तुम्हाला होईल. त्याच्या वतीने मी तुमची माफी मागतो."

मालोजीने चटकन पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात आपल्या मोठ्या पंजांत धरले.

"त्येच्या वतीनं नगा मागू, काका," तो म्हणाला. "त्यो टिळा म्याच लावला हुता. पोरं म्होरं जाणार हुती त्या दिशी. लई मनापासनं लावला हुता."